टायरांचा ऋतुसंहार

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला ऑक्टोबर लागला की दोन प्रश्न विचारले जातात. यंदा चकल्या कुणाकडून घेताय, आणि टायर बदलले का? पहिल्याचं उत्तर चुकलं तर फार तर चकल्या मऊ निघतात. दुसऱ्यावर ‘आमचे ऑल-सीझन आहेत’ असं म्हटलं, की समोरचा क्षणभर थांबतो आणि ‘असं होय’ म्हणतो. त्या ‘असं होय’मध्ये सहानुभूती असते, थोडी काळजी असते, आणि यापुढे आपली मुलं यांच्या गाडीतून बॅडमिंटनला पाठवायची नाहीत हा निर्णयही असतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्नच कळायचा नाही. आपल्याकडे टायरला ऋतू नसतात. टायरच्या दोनच अवस्था : नवा आणि गोटा. गोटा झाल्यावरही तो ‘अजून पाच हजार जाईल’ या आशेवर काही महिने काढतो, मग डिकीत स्टेपनी म्हणून निवृत्त होतो, आणि तिथून थेट सोसायटीच्या गच्चीवर जातो. तिथे कुणीतरी त्यात कोरफड लावतं. मधल्या काळात विदर्भातलं 46 अंशांचं ऊन आणि आंबोलीचा पाऊस त्याने एकाच अंगावर काढलेला असतो. युरोपच्या हिशेबाने तो निव्वळ उन्हाळी टायर. पण त्याला हे कुणी कधी सांगितलेलं नाही, त्यामुळे तो बिचारा चालतो.

इथे मात्र टायरला हंगाम असतो आणि त्यामागचं शास्त्र आपल्या न्हाणीघरातच आहे. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उपडी करून आपटली तरी थेंब पडत नाही. उन्हाळी टायरच्या रबराचं थंडीत साधारण तेच होतं. ते थिजत नाही, पण कडक होतं आणि रस्त्याला धरायचं सोडून देतं. 7 अंश सेल्सिअस ही त्याची सीमारेषा, असं इथलं शाळकरी पोरही सांगतं. खरं तर हा नुसता ठोकताळा आहे. सात अंशांना भोंगा होऊन रबर संपावर जातं असं काही नाही. कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर त्याखालीही नीट थांबतो. पण जर्मन माणसाला आकडा दिला की तो निवांत होतो, म्हणून सात.

हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त, त्यामुळे ते गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीवर ब्लेडने माराव्यात तशा बारीक चिरा असतात. गाडी चालू लागली की त्या चिरांत बर्फ जाऊन बसतो आणि टायरमधला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, कारण बर्फाला बर्फाइतकं घट्ट कुणी धरत नाही. शत्रूची माणसं फोडून शत्रूवरच सोडायची हे राजकारण आपण चौथीच्या इतिहासापासून वाचत आलो. ते एक टायर करतो म्हटल्यावर मला त्याच्याविषयी आदरच वाटू लागला. खास हिवाळ्यासाठी म्हणून टायर बनवायचं सुचलं ते फिनलंडमध्ये, 1934 साली, आणि तेही ट्रकसाठी. हाच मऊ टायर जुलैच्या उन्हात फिरवला तर भराभर झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी हवी त्याच्या थोडी पुढे जाऊन उभी राहते. या दोघांत तडजोड म्हणून बारमाही टायर आले. गुडइयरने अमेरिकेत 1977 साली ‘टिएम्पो’ काढला. युरोपने मात्र बारमाही टायरकडे मनापासून वळून पाहिलं ते पुष्कळ उशिरा, 2015 साली मिशेलिनचा ‘क्रॉसक्लायमेट’ आल्यानंतर. तोवर ऑल-सीझन वापरणारा माणूस इथे चारचौघांत विषय बदलत असे.

कायद्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. 2006 साली इथे नियम झाला की गाडीची सज्जता हवामानाला साजेशी असावी. ‘साजेशी’ म्हणजे काय, हे लिहिलं नाही. आपल्याकडे असा नियम पन्नास वर्षं सुखाने नांदला असता. इथे 2010 साली ओल्डेनबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं की इतक्या मोघम शब्दांवर कुणाला दंड करता येणार नाही. झालं. त्याच वर्षी डिसेंबरात नवा नियम आला आणि त्यात रस्ता किती परीने निसरडा होऊ शकतो याची यादीच दिली. काचेसारखा पातळ थर, चाकांखाली दबून गुळगुळीत झालेला बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी, गोठलेलं दव. यातलं काहीही रस्त्यावर असेल तर हिवाळ्याला लायक टायर हवेत. नसेल तर भर जानेवारीत उन्हाळी टायरवर फिरा, कुणी हटकणार नाही. म्हणजे तारीख नाही, महिना नाही. सकाळी दार उघडून रस्ता बघायचा आणि या क्षणी आपण कायद्यात बसतो की नाही ते ठरवायचं. बसत नसताना निघालो आणि सापडलो तर 60 युरो दंड, शिवाय डेन्मार्कच्या सीमेलगत फ्लेन्सबुर्ग गावी जो चित्रगुप्त बसवलेला आहे, त्याच्या वहीत आपल्या नावावर 1 गुण. असे 8 गुण झाले की लायसन्स जातं. गुण मिळवण्यात सगळं बालपण गेलेल्या माणसाला ही उलटी पद्धत पचायला वेळ लागतो.

माझी मावसबहीण मॉन्ट्रियलला असते. क्वेबेकच्या कायद्याने 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सरसकट सक्तीचे केले आहेत. चर्चेला वावच ठेवलेला नाही. त्यामुळे तिथली मराठी मंडळी टायरवर भांडत नाहीत, नाटक कुठलं बसवायचं यावर भांडतात.

इथे कायद्याने तारीख दिली नाही, ती लोकांनी दिली. ‘फॉन ओ बिस ओ’, ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. आता ईस्टर कधी? तर 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. 2008 साली तो 23 मार्चला आला होता आणि 2011 साली 24 एप्रिलला. जिथे बोल्ट किती जोराने आवळायचा याचं वेगळं हत्यार घरोघरी आहे, तो देश टायर कधी उतरवायचे हे पौर्णिमा बघून ठरवतो! हे कळल्यापासून मी इथल्या लोकांशी जरा मोकळेपणाने बोलू लागलो. आमच्यातले एक ज्येष्ठ काका तर सरळ कालनिर्णयवर खुणा करतात. कोजागरीला हिवाळी चढवायचे, हनुमान जयंतीला उतरवायचे. बहुतेक वर्षी जमून जातं.

आमचं गाव स्टुटगार्ट. मुंबईशी या शहराचं भगिनी-शहराचं नातं 1968 पासून आहे, पण मराठी माणसं आली ती गाड्यांच्या धंद्यामागे, आणि त्यातली बरीचशी पुण्याहून. त्यामुळे टायरवर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांचा इथे तोटा नाही. कुणी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितं, कुणी सस्पेन्शनची गणितं करतं. कोजागरीच्या दुधाचा पहिला पेला रिकामा व्हायच्या आत मंडळींचे दोन पंथ पडतात. एक बारमाही, दुसरा दुहंगामी. दुहंगामी माणूस घर्षणाचा आलेख हवेत बोटाने काढून दाखवतो. बारमाही माणूस ‘स्टुटगार्टात बर्फ पडतो कुठे आता?’ असं म्हणतो. ते पुष्कळसं खरंही आहे. शहर खोलगट भागात, द्राक्षमळ्यांच्या मधोमध वसलेलं. पडला तर सकाळचा बर्फ दुपारी चिखल होतो. दुहंगामी मग श्वाबिश आल्बच्या पठाराचं नाव काढतो. तिथे पडतो. बारमाही विचारतो, ‘तू तिथे किती वेळा गेलास?’ इथे वहिनी बासुंदी घेऊन येतात म्हणून बरं.

बरीच वर्षं हे ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की टायर किलोमीटरवर ठरत नाहीत, बर्फावर ठरत नाहीत आणि पैशावर तर नाहीतच. माणूस परत जाणार आहे की नाही, यावर ते ठरतात.

कुठल्याही बारमाहीवाल्याला विचारून बघा. ‘अरे, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. दोन-दोन सेट घेऊन काय करू?’ ही दोन वर्षं 2014 साली सुरू झालेली असतात. दरम्यान थोरल्याचं जर्मन बापाहून चांगलं झालं, धाकटी इथेच जन्मली, पुण्यातल्या फ्लॅटला भाडेकरू बसला, तो बदलून दुसरा बसला. दोन वर्षं काही संपली नाहीत. पहिले टायर झिजून नवे घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने दोन संचांचं समजावून पाहिलं. हा म्हणाला, ‘आता दोनच वर्षं राहिली.’ दुहंगामी माणसाने कधीतरी एका रात्री स्वतःशी कबूल केलेलं असतं की आपण जात नाही. ते तो घरी फोनवर सांगत नाही, ग्रुपवर लिहीत नाही. गुपचूप जाऊन रिमसकट चार टायर घेऊन येतो. आई विचारते, ‘अरे, मग येणार कधी?’ तो म्हणतो, ‘बघू, पुढच्या वर्षी.’ तळघरातल्या भिंतीवर तेव्हा चार खुंट्या ठोकून झालेल्या असतात.

तळघराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. इथे फ्लॅटमागे खाली एक लाकडी फळ्यांची खोली मिळते. जर्मन माणसाच्या खोलीत वाइनच्या बाटल्या, बर्फावर घसरायच्या पट्ट्या आणि टायर असतात. आपल्या खोलीत भारतातून आलेले खोके असतात, न फोडलेले, कारण ‘परत जाताना पुन्हा भरत कोण बसणार?’ त्यांवर गणपतीचं मखर. त्यावर एकीच्या पोटात एक घातलेल्या 23-23 किलोच्या बॅगा. बाजूला इथल्या शेगडीवर न तापणारा कुकर, आणि सगळ्यांच्या तळाशी सासूबाईंनी हट्टाने दिलेला पाटा-वरवंटा. तो विमानातून कसा आला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आता चार टायरना जागा करायची म्हणजे काहीतरी हलवायचं, हलवायचं म्हणजे टाकायचं, आणि टाकायला बसलं की पहिला हात पाट्यालाच लागतो. मग बायको म्हणते, ‘ऑल-सीझनच घेऊ या ना, सारखं काय ते बदलत बसायचं.’ टायरतज्ज्ञ काही म्हणोत, या शहरातल्या कित्येक बारमाही टायरांच्या मुळाशी पाटा-वरवंटा आहे.

ज्यांना तळघर नाही किंवा ज्यांचा पाटा जड आहे, त्यांचे टायर गॅरेजवाले ठेवून घेतात. या सोयीला इथे चक्क ‘रायफेनहोटेल’ म्हणतात, टायरांचं हॉटेल. हंगामाचं भाडं भरायचं. ते टायर धुतात, नक्षी तपासतात, चिठ्ठी लावून फळीवर ठेवतात. एका मित्राची आई सांगलीहून आली होती. तिला त्याने हे कौतुकाने सांगितलं.

‘म्हणजे टायर सहा महिने लॉजवर राहतात?’

‘हो आई.’

‘अंघोळ-बिंघोळ घालून?’

‘हो.’

माऊली थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला नव्वद दिवसांच्या वर राहू देत नाहीत.’

मित्राने पुढच्या वर्षी बारमाही टायर घेतले. आईच्या बोलण्याचा काही संबंध नाही म्हणतो, हॉटेलचं भाडं वाढलं होतं.

दुहंगामी पंथातले कट्टर लोक मात्र टायर स्वतःच्या हाताने बदलतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक श्वाबन आजोबा राहतात. श्वाबन ही इकडची मूळ मंडळी. त्यांच्या काटकसरीवर सगळा जर्मनी विनोद करतो आणि ते त्या विनोदांना हसण्यातही काटकसर करतात. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला ते निळा डगला घालून खाली उतरतात. रविवारी आवाज करायचा नसतो आणि शुक्रवारी त्यांची जिन्याची झाडलोट असते, म्हणून शनिवार. आधी हँडब्रेक. गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट जरासे सैल करायचे, हवेत चाक फिरतं म्हणून. मग जॅक. चाक निघालं की त्याच्या मागे उघड्या पडलेल्या लोखंडी बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा. हे करताना आजोबा शीळ घालतात. मग हिवाळी चाक चढवून बोल्ट आधी बोटांनी, मग पान्याने, एक इकडचा एक समोरचा असे आलटून पालटून. गाडी खाली आली की ते ठरावीक जोराचा पाना काढतात. त्यावर 120 न्यूटन मीटर लावलेले असतात. तेवढा जोर लागला की पाना ‘टक्’ म्हणतो. प्रत्येक ‘टक्’ला आजोबा मान डोलावतात. बैठकीतल्या जाणकार श्रोत्याची समेवर डोलते तशीच.

नंतर ते खिशातून दोन युरोचं नाणं काढून नक्षीच्या खाचेत उभं घालतात. या नाण्याची बाहेरची रुपेरी कड 4 मिलिमीटर रुंद असते. ती खाचेत पूर्ण बुडाली तर टायर अजून एक हिवाळा काढेल. कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरतात, आजोबांना पुरत नाहीत. शेजारच्या ऑस्ट्रियात कायद्यालाही पुरत नाहीत, तिथे हिवाळी टायरला 4च लागतात. नाणं पुसून खिशात परत जातं. सगळं आवरल्यावर आजोबा मला बजावतात की 50 किलोमीटर गाडी चालवून बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघायचे असतात. मला प्रश्न पडला होता की इतका काटकसरी माणूस नुसत्या बोल्टांसाठी 50 किलोमीटरचं पेट्रोल कसं जाळतो. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दिवशी ते बहिणीला भेटायला जातात. वर्षातून दोनदा जातात. ओ आणि ओ.

उतरवलेली चाकं पुढच्या वेळी त्याच जागी बसावीत म्हणून त्यांच्यावर खडूने खुणा करतात. आमच्यातल्या एकाने मोठ्या हौसेने टायर स्वतः बदलले आणि खुणा सवयीने मायबोलीत केल्या. ‘पु. डा.’, ‘पु. उ.’, ‘मा. डा.’, ‘मा. उ.’. पुढच्या हंगामात त्याची पाठ धरली, म्हणून चाकं गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने ती ओळीने मांडली, बराच वेळ निरखली, आणि अदबीने विचारलं की हे पुसलं तर चालेल का, की काही धार्मिक आहे?

आता एवढं झाल्यावर हिशेबही सांगून टाकतो, नाहीतर वाचक म्हणेल नुसती मजा सांगितली. दोन संच घेतले तरी प्रत्येक संच अर्धंच वर्ष झिजतो, म्हणजे रबराचा खर्च शेवटी तेवढाच, हा दुहंगामींचा लाडका मुद्दा. गाडी भरपूर चालत असेल तर तो बिनतोड आहे. पण आपल्या गाड्या चालतात किती? इंडियन स्टोअर, मुलांचे क्लास, मंडळाचा कार्यक्रम आणि पाहुण्यांना आणायला विमानतळ. अशा गाडीचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांमागे शेवटी चार आकडे असतात. 3517 म्हणजे 2017 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला जन्म. ही जन्मपत्रिका कुणी वाचत नाही, नक्षी बघून ‘अजून कोरे आहेत’ म्हणतात आणि आत रबर कडक होत राहतं. शिवाय दुसऱ्या संचाला दुसऱ्या रिमा, नोव्हेंबर 2014 पासून नव्या गाड्यांना हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाल्यामुळे बऱ्याच गाड्यांत त्या रिमांनाही सेन्सर, आणि वर्षातून दोनदा बदलणावळ. तेव्हा ज्याची गाडी शहरातच थोडीफार फिरते त्याने चांगले बारमाही घ्यावेत आणि स्वस्थ बसावं. ज्याला पहाटे पाचला आल्बच्या घाटातून कामावर जायचं आहे किंवा जो दर हिवाळ्यात ऑस्ट्रियाला बर्फात लोळायला जातो, त्याने दोन संच घ्यावेत. इतकं साधं आहे. म्हणूनच हे उत्तर कुणाला नको असतं.

बारमाही घेताना एकच बघायचं : बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं चिन्ह हवं. पूर्वी ‘एम+एस’ एवढी अक्षरं चालत. चिखल आणि बर्फ असा त्यांचा अर्थ. पण ती छापायला कुठलीही परीक्षा द्यावी लागत नव्हती. कंपनीला वाटलं की हा टायर बर्फाचा, की झाला बर्फाचा. डोंगराचं चिन्ह मिळवायला टायरला बर्फावर खरोखर उतरून पास व्हावं लागतं. नुसत्या एम+एसवाल्या जुन्या टायरांना 30 सप्टेंबर 2024 पर्यंत मुदत होती. त्या सप्टेंबरात भुयारी पार्किंगमध्ये उकिडवे बसून, मोबाइलचा टॉर्च लावून टायर वाचणारे पुष्कळ मराठी लोक मी पाहिले. काहींनी त्या निमित्ताने पहिल्यांदाच जर्मनीत काही शेवटपर्यंत वाचलं असेल.

जर्मन लोकांचा बारमाहीवरचा खास शेरा म्हणजे ‘ना मासा, ना मटण’. धड हे नाही, धड ते नाही. ऑफिसात एकाने तो आमच्या सदाशिव पेठेतल्या मित्राला ऐकवला. मित्र म्हणाला, ‘मग तर उत्तमच. आमच्या घरी दोन्ही चालत नाही.’

बारमाहीवाल्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. आपण डोंगरात जातो कधी? आई-बाबा आले की. आई-बाबा येतात कधी? मे-जूनमध्ये, तिकडचा उन्हाळा चुकवायला. त्यांना बर्फ दाखवायला आपण स्वित्झर्लंडला नेतो, आणि तो बर्फ जिथे असतो तिथवर गाडी जातच नाही. रेल्वे जाते, पाळणा जातो. म्हणजे मराठी माणसाच्या आयुष्यातला निम्माअधिक बर्फ जूनमध्ये, शाल आणि गॉगल घालून, रेल्वेच्या तिकिटावर पाहिलेला असतो. खऱ्या जानेवारीत, बाहेर पांढरं झालं की आपण घरून काम करतो आणि खिडकीतून फोटो काढून पुण्याला पाठवतो. फोटोत गाडी दिसते. बर्फाखाली गेलेली, जागची न हललेली. तिच्या चाकांना कुठले टायर आहेत हे कुणालाही दिसत नाही.

परवा आमच्या ग्रुपवर एक निरोप आला. ‘विंटर टायर द्यायचे आहेत. रिमसकट. 7 मिलिमीटर नक्षी शिल्लक. फुकट. आम्ही कायमचे परत चाललोय.’ लिहिणारा माणूस कट्टर दुहंगामी. खुंट्या भिंतीत, टायर कपड्यात गुंडाळलेले. ग्रुपवर आधी सन्नाटा पसरला. मग निरोपांचा पाऊस. का चाललात? कधी ठरलं? पुण्यात कुठे, बाणेर की कोथरूड? फ्लॅट केवढ्याला पडला? मुलांच्या शाळेचं काय, मराठीचं जमेल का त्यांना? बाबांची तब्येत बरी आहे ना? नोकरी आहे का तिकडे, की आधी जाऊन बघणार? एका बारमाहीवाल्याने ‘हेवा वाटतो रे’ असं लिहिलं आणि काकांनी त्याखाली जोडलेले हात टाकले. दोन दिवस दुसरा विषय नव्हता. टायरचं माप कुणीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी महिन्याभरापूर्वीच आलेल्या एका नवख्या मुलाने भीत भीत लिहिलं, ‘दादा, टायर अजून आहेत का? 205/55 आर 16 असतील तर मला हवेत. मी दोनच वर्षांसाठी आलोय, नवे घेणं परवडत नाही.’

उत्तर संध्याकाळी आलं. ‘माप तेच आहे रे. पण धाकटीची चौथी होऊ दे म्हणतोय आता. दोन वर्षं तरी लागतील आम्हांला ते.’